ग्रीस लावलेल्या सळ्या

हिंदी मुलखातल्या रांझीत मराठी मंडळाच्या सभागृहाचं काम कोरोनात थांबलं ते थांबूनच राहिलं. मजूर गावी गेले, ठेकेदार परत आलाच नाही. कमरेइतके खांब आणि त्यांच्या डोक्यातून वर निघालेल्या सळ्या, एवढंच मागे उरलं.

यंदा काम पुन्हा सुरू झालं, तसे विष्णूकाका रोज सकाळी तिथे जाऊ लागले. जवळच्या फॅक्टरीतून ते रिटायर झाले होते. बायको हेमलता दुसऱ्या लाटेत गेली होती. घरात चहा एकट्यासाठी करायचा, ते त्यांना जमत नसे, म्हणून साइटवरचा प्यायचे. आणि प्रश्न विचारायचे.

"ही राखेची वीट भट्टीत भाजत नाहीत, तर पक्की कशी होते, बेटा?"

इंजिनिअर अवंती हसून सांगायची. शहरातल्या सिव्हिल लाइन्समध्ये वाढलेली मुलगी. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची. स्वतःच्या जबाबदारीवरचं तिचं हे पहिलंच काम होतं. जे उभं आहे ते न पाडता त्यावरच पूर्ण करीन, नवं सिमेंट-लोखंड कमीत कमी लावीन, असं तिने मंडळाला सांगितलं होतं आणि त्याच बोलीवर काम मिळवलं होतं.

त्या दिवशी मात्र ती खांबापाशी उभी राहून सळईवर नख घासत होती.

"काका, हे बघा ना. इतकी वर्षं उघड्यावर, आणि गंज नाही. कुठेच नाही. असं होतच नाही."

काकांनी बोट लावलं. वर धुळीचा काळा पापुद्रा होता. तो निघाला, तर खाली चिकट, पिवळट थर. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"अगं, हे तर ग्रीस आहे! काय छान काम केलंय कोणी."

"छान?" अवंती मटकन विटांच्या थप्पीवर बसली. "काका, ग्रीस लावलेल्या लोखंडाला काँक्रीट धरतच नाही. ये तो गड़बड़ हो गई. इतकं जुनं ग्रीस पूर्ण निघणं कठीण, आणि सळ्या कापल्या तर वर जोडायला काही उरत नाही. मग खांब फोडून खालपासून करावं लागेल. सोमवारी मंडळाला उत्तर द्यायचंय मला."

काकांचा चेहरा उतरला. पण डोक्यात प्रश्न राहिलाच. ग्रीस लावलं कोणी? बंद पडणाऱ्या मशीनला ग्रीस लावून ठेवायचं, ही तर फॅक्टरीवाल्यांची सवय. ठेकेदाराची माणसं असलं काही करत नाहीत. ते शेजारच्या विभावरीवहिनींकडे गेले. त्यांच्या गच्चीवरून साइट दिसायची.

"भाऊजी, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?" वहिनी भाजी निवडायच्या थांबल्या. "हेमलतानं लावलं. पहिल्या लॉकडाउननंतर तुम्ही रोज ड्यूटीवर जाऊन राहिले होते ना, तेव्हा. मी डबा धरायची, ती लावायची. कोपरापर्यंत काळी!"

"मला काहून नाही सांगितलं?"

"काम सुरू झालं की स्वतःच पाहतील म्हणे. जन्मभर ऐकवलं ना तुम्हीच तिला, की लोखंड रिकामं उभं राहिलं तर ग्रीस लावायचं. म्हणाली, ह्यांचा एक तरी धडा कामी लावते."

वहिनींनी चहाला विचारलं, तर काका नको म्हणाले आणि सरळ साइटवर परतले.

"अवंती, ते ग्रीस माझ्या मिसेसनं लावलं होतं. चांगलं म्हणून लावलं. काढलं तर सळ्या चालतील?"

अवंतीने पुन्हा एका सळईवरून बोट फिरवलं. "पूर्ण निघालं तर चालतील. उलट नव्यासारख्या निघतील, कारण गंज लागलाच नाहीये. पण थोडंही राहिलं तर नाही. आणि रॉकेल-थिनर ओतून नाही हं काका, ते मातीत जाईल."

"फॅक्टरीत सुटे भाग आम्ही धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचो."

"चलो, एका खांबावर करून बघू."

पातेल्यात पाणी उकळलं. काकांनी आधी चिंध्यांनी जाड थर पुसला, त्या चिंध्या अवंतीने एका डब्यात भरायला लावल्या. मग सोड्याचं पाणी, तारेचा ब्रश, साधं पाणी. अवंतीने सळईवर बाटलीतून पाण्याची धार सोडली. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळले.

"अजून आहे," ती म्हणाली. "लोखंड साफ असेल तर पाणी पसरतं."

"अच्छा! असं ओळखतात होय?" काकांनी पुन्हा ब्रश घेतला.

दुसऱ्यांदा धुतल्यावर पाणी सळईभर पसरलं. अवंतीने प्रत्येक सळईची जाडी मोजली, खांबांवर हातोडी ठोकून आत पोकळ वाजत नाही ना, ते ऐकलं. मग वहिनीही पदर खोचून आल्या. पुढचे काही दिवस तेच चाललं. मिस्त्री म्हणायचा, "बाबूजी, आप तो दिवाली की सफाई कर रहे हो."

शेवटच्या खांबावर एक सळई उरली. काका ब्रश हातात धरून उभेच राहिले. त्या सळईवर ग्रीसमध्ये बोटांच्या रेघा होत्या, वरून खाली ओढलेल्या. वर चढलेल्या धुळीखालीही त्या दिसत होत्या.

"एक राहिली तर काय होईल गं?" त्यांनी विचारलं. "एवढ्या सगळ्यांत एक."

अवंतीने रेघा पाहिल्या. तिला कळलं. तरी ती म्हणाली, "काका, भूकंप आला तर त्या एकीच्याच जागी चीर पडेल. आणि खाली लोक बसलेले असतील."

"हं. तिला ते चाललं नसतं."

त्यांनी आपली बोटं त्या रेघांवर ठेवली. बसली नाहीत, हेमलताचा हात लहान होता. मग त्यांनी चिंधी गरम पाण्यात बुडवली, पिळली आणि वरून खाली पुसायला सुरुवात केली.

अवंती बाजूला जाऊन मंडळाला फोन लावत होती. "हो, नक्की. खांब पाडायचे नाहीत."