दोष माझ्या लाकडाचा नव्हता

“लागलं, चिरलं, की पाय खाडीत बुडवायचा. मीठ सगळं बरं करतं.” माझ्या काठावर बसून नांजा आत्या प्रत्येक नव्या सुनेला हे बजावायची.

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. गाम्बिया नदीच्या मुखाशी, तिवरांच्या दाटीत माझं आयुष्य गेलं. पांढऱ्या सावरीच्या एकाच खोडातून मला कोरलं. पाण्यात लोटण्याआधी माझ्या मालकिणीने, सिरे कोलीने, तांदळाच्या पिठाचे मुटके वाटले आणि देवाचं नाव घेतलं. तेव्हापासून माझा नेम एकच. पाणी आत घ्यायचं नाही आणि बायकांना घरी पोहोचवायचं. घेतला वसा मी टाकला नाही.

कालवं काढायची बंदी उठून खाडी खुली झाली की हातापायांवर जुने मोजे चढवून बायका तिवरांच्या मुळ्यांवरची कालवं कोयतीने काढायच्या. मी भरून आले की काठावर कौतुक व्हायचं, “सिरेची होडी रिकामी येईल, तर सूर्य पश्चिमेला उगवेल!”

गेल्या हंगामाच्या शेवटी पाणी पेजेसारखं कोमट झालं होतं. सिरेचा मोजा फाटला होता. ती चिखलात घसरली आणि शिंपेने तिची पोटरी चिरली.

“रडतेस काय? बुडव पाय,” आत्या म्हणाली. “जन्मभर शिंपांनी कापून घेतलंय मी. मेले का?”

“मेली असतीस तर आमचे कान तरी वाचले असते!” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. सिरेनेही हसत पाय बुडवला.

सकाळी पाय खांबासारखा सुजला होता. काळसर पाण्याचे फोड आले होते. अंग तापाने थरथरत होतं. बायकांनी तिला माझ्यात निजवलं आणि वल्ही मारत पैलतीरावरच्या दवाखान्याकडे नेलं. त्या दिवशी मी लाटांशी भांडले, मित्रांनो!

परिचारक येरो धक्क्यावरच धावत आला.

“जखमेला काय लावलंत?”

“काही नाही रे बाबा. खाडीत धुतली.”

“तिथेच घात झाला, आत्या. अशा कोमट, मचूळ पाण्यात पटकीच्या जंतूंचे भाऊबंद राहतात. पटकी पोट धरते. हे जखमेतून रक्तात शिरतात. हिला पूर्वी कावीळ झाली होती ना? अशांना तर ते सोडतच नाहीत.”

सिरेला मोठ्या इस्पितळात नेलं. पाय कापावा लागेल, अशी बातमी गावात आली. आणि गावाने माझ्याकडे बोट दाखवलं. “होडीच अपशकुनी!” मला काठावर उपडी टाकलं. उन्हाने माझ्या अंगाला भेगा पडल्या. एके दिवशी आत्या कुऱ्हाड घेऊन आली. कालवं धुरावर सुकवायला सरपण हवं होतं.

फोडा खुशाल! पण दोष माझा म्हणाल, तर माझी ढलपीन् ढलपी नाही म्हणेल. जखम मी केली नाही. मी तिला वेळेवर पोहोचवलं.

“आत्या, कुऱ्हाड ठेव खाली.” सिरे काठी टेकत उभी होती. डॉक्टरांनी सडलेलं मांस काढून पाय वाचवला होता. पोटरीत खोल खळगा पडला होता. “होडी फोडून जंतू मरत नाहीत.”

“मग दोष कुणाचा? माझा म्हण ना!”

“तुला कुणी सांगितलं नव्हतं. आता ठाऊक आहे. आता गप्प बसलो, तर दोष आपला.”

आत्याने कुऱ्हाड जमिनीवर टेकवली. नंतर माझ्या भेगांत डांबर भरायला तीच बसली.

मित्रांनो, अंगावर जखम असेल तर खाडीत उतरू नका. पाण्यात लागलंच, तर उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. सूज चढली तर थेट दवाखाना गाठा. आणि संकट आलं की मुक्या वस्तूच्या माथी खापर फोडू नका.

इस्पितळातून निघताना सिरेने येरोला शब्द दिला होता, की खाडी खुलण्याआधी प्रत्येक धक्क्यावर जाऊन बायकांना हे सांगेन. आज पहाटेची प्रार्थना आटोपून ती आली. साबणाची वडी माझ्यात ठेवली, लुगडं सावरलं आणि कुणाला हाक न मारता वल्हं हातात घेतलं.