थकलेली कमान

मी एक जुनी कमान आहे, मित्रांनो. दारावरची नव्हे, चावीच्या मनगटी घड्याळातली, स्प्रिंग म्हणा हवं तर. नखाएवढ्या डबीत गुंडाळून बसायचं आणि दिवसभर हळूहळू उलगडत काटे फिरवायचे, एवढंच माझं काम. तीस वर्षं ते केलं आणि त्याचा मला भारी तोरा होता.

माझा मालक दगडाच्या खाणीत मुकादम होता. त्याचा धाकटा भाऊ तिथेच सुरुंग उडवायचा. रोज सकाळी मला चावी दिली की दोघे आपापली घड्याळं जुळवून घेत. संध्याकाळी पाचला धाकटा पलीकडच्या कड्याआडून खटका दाबणार, त्याआधी मुकादम खालून वर येणार, असा त्यांचा शिरस्ता. भोंगा नाही, घंटा नाही. भावाभावांत कशाला हवं, असं दोघांनाही वाटे.

गेल्या वर्षी मालकाने घड्याळ सफाईला टाकलं. "आतलं काही बदलू नका बरं का," तो घड्याळजीला म्हणाला. "वडिलांनी स्वतःच्या हातातलं काढून दिलंय."

घड्याळजीने मला डबीतून काढून कागदावर ठेवलं. धडधाकट कमान बाहेर काढली की ऐसपैस पसरते. मी मात्र वेटोळं घालून बसले. मी थकलेय हे त्याने ओळखलं. नवी कमान खणातून काढलीसुद्धा, पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार, म्हणून परत ठेवली. मला तेल लावलं, चावी भरली आणि तासभरच चालवून पाहिलं. चावी भरलेली असली की मी छान चालते. कस लागतो तो संध्याकाळी, चावी उतरत आली की; तेव्हा काटे मागे पडतात. "आतलं सगळं ठणठणीत आहे," त्याने मालकाला सांगितलं. आपण वाचलो म्हणून मी हरखून गेले. आज त्याची लाज वाटते.

त्यानंतर एका संध्याकाळी मुकादमाने माणसं वर पाठवली आणि पहारी गोळा करायला तो एकटा खाली थांबला. माझ्या काट्यांनुसार पाच वाजायला अकरा मिनिटं होती. धाकट्याच्या घड्याळात पाच वाजले आणि त्याने खटका दाबला.

परवा धाकटा घड्याळजीच्या दुकानात आला. काच फुटलेलं घड्याळ त्याने टेबलावर ठेवलं. "काका, एकच सांगा. दादाचं घड्याळ मागे पडायचं, की मीच घाई केली?"

घड्याळजीने मला पुन्हा कागदावर ठेवलं. मी पुन्हा वेटोळं. त्याने मला परत डबीत बसवलं. मग म्हणाला, "कमान चांगली आहे. घड्याळात दोष नाही."

"म्हणजे माझंच चुकलं," धाकटा म्हणाला. घड्याळ तिथेच ठेवून तो निघून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, असं आमच्यातला जो तो तुम्हाला सांगतो. मी नाही सांगणार. माझ्यासारखी कमान थकली की तिला मुकाट्याने काढा आणि मालकाला खरं काय ते सांगा. मला तर तोंड नाही. तुमच्यापैकी कोणीतरी त्या धाकट्याकडे जा आणि त्याला सांगा, बाबा रे, तुझं घड्याळ बरोबर होतं.