मिठातली गादी

माणसाच्या गुडघ्यातली झिजलेली गादी प्रयोगशाळेत नव्यानं घडवणं, हे विज्ञानापुढचं महान आव्हान आहे. विश्रामबागच्या एका कॉलेजात आम्रपालीनं ते चार वर्षांपूर्वी स्वीकारलं, आणि तेव्हापासून ती नेमानं खरवस करत होती.

खरवस हा शब्द लॅब अटेंडंट नानासोंचा. आम्रपाली त्याला जेल म्हणायची. पॉलिमरचा, पोटात पाणी धरून ठेवणारा. त्यावर पेशी वाढवायच्या. फक्त तो गुडघ्याइतका कडक हवा होता, आणि वजन ठेवलं की तो बसायचा.

दिवाळीनंतर पुण्याची समिती आली. जेल टिकला नाही तर प्रकल्प बंद, हे ठरलेलं होतं. आणि त्या दिवशी जेल टिकला. दाबून दाबून समितीच दमली.

"छान. पुढच्या शुक्रवारी असाच दुसरा दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

आम्रपालीनं वहीबरहुकूम दुसरा केला. तो बसला. तिसराही बसला. बुधवारी दुपारी तीही बसली, डोकं धरून.

नानासोंनी चहा ठेवला, पण ते हलेनात.

"म्याडम, येक सांगू? रागावनार न्हाई न्हवं?"

"काय केलंत, मामा?"

"दिवाळीच्या सुट्टीत तुमचा खरवस साध्या पान्यात व्हता. म्हनलं बुळबुळीत हून नासंल. म्हनून मिठाच्या पान्यात टाकला, कैऱ्या ठेवतो तसा. तुमी यायच्या आदी परत साध्या पान्यात."

"माझ्या सॅम्पलला हात लावलात?"

"व्हय."

मार्चमध्ये नानासो निवृत्त होणार होते. या वयात चौकशी लागली तर काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते उभेच राहिले.

"मीठ किती?"

"तळाला खडा ऱ्हाईस्तवर."

आम्रपालीनं वहीत लिहिलं, 'संपृक्त द्रावण'. मग भडकली. "आवं मामा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी तुमी लय खुशीत व्हता."

शुक्रवारी चौथा जेल टिकला. समितीनं सहा महिने वाढवून दिले. शोधनिबंधावर आम्रपालीनं स्वतःच्या नावाखाली नानासोंचं नाव घातलं. हजेरीपत्रक सोडून ते कुठं छापलं जाण्याची ही पहिलीच वेळ असणार होती. नानासोंनी निबंधाची प्रत आपल्या गावी, उंब्रजला नेऊन भावकीत फिरवली.

निबंध ज्या नियतकालिकाकडे पाठवला होता, त्याच्या परीक्षकांचं उत्तर दीड महिन्यानं आलं. हीच पद्धत परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं सहा वर्षांपूर्वी छापलेली होती.