तुलनेची जागा

निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दुपारी सुताला खळ देणाऱ्या कारखान्याचं धुराडं उठलं आणि केतकीची गल्ली सोडून श्रावस्तीच्या गल्लीत जाऊन उभं राहिलं.

साहजिकच होतं. हवेतली काजळी गल्लीतल्या लोकांनीच मोजायची, त्यासाठीचा निधी श्रावस्तीच्या गटाला मिळाला होता. मग धुराडं इकडे कशाला थांबेल? पण दोन वर्षं दर शनिवारी गच्चीवर पांढरा कागद टाचून, भिंगातून काळे कण मोजले होते ते केतकीने. श्रावस्ती तिच्याच वर्गातली. अर्जातला 'सूक्ष्मकण' हा शब्दसुद्धा तिला केतकीनेच सांगितला होता.

गल्ली मात्र खुशीत.

"पीडा गेली एकदाची," वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांवरून हात फिरवत आई म्हणाली. "कसे पांढरेशुभ्र निघालेत बघ."

"माझा प्रकल्प गेला, आई."

"तुझा खोकला पण गेला की गं."

शनिवारी केतकीचा कागद कोरा निघाला. तिने तव्याखालची काजळी बोटावर घेऊन त्याला चोळली. कागदाने ती शांतपणे पिऊन टाकली. मग वहीतले दोन वर्षांचे आकडे उडाले. मग आईच्या मंगळसूत्रातले काळे मणी पांढरे झाले, आणि सोमवारी केतकीची वेणी.

निधीवाल्या मॅडम आल्या. त्यांनी केतकीच्या गालावरून बोट फिरवलं, बोट निरखलं.

"छान. तुलनेला एक स्वच्छ जागा हवीच होती. हलू नकोस हं."

त्यांनी तिला गच्चीवरच्या तारेला चार चिमटे लावून टांगलं. चिमटे नवे कोरे होते, श्रावस्तीच्या निधीतले.

आता दर शनिवारी श्रावस्ती येते. नखं काळी, कपाळ काळं, पापण्यांवर काजळी अशी दाट की डोळे दुप्पट मोठे दिसतात. केतकीवर भिंग धरते आणि लिहिते, शून्य.

"श्रावे, तुमच्याकडे किती?" केतकीने आज विचारलं.

"मोजून संपत नाही गं." आणि श्रावस्ती खोकली. खोल, लांबलचक, अगदी दृष्ट लागावी असं.

"तो माझा होता."

"आता आमच्या नोंदीत चढलाय. देता येत नाही."

"एकच दे."

'नाही' म्हणण्यासाठी श्रावस्तीने श्वास घेतला आणि तिला पुढची उबळ आली. चारही चिमटे ताणत केतकी पुढे वाकली. तिने तोंड उघडलं.