पाचवा ठिपका

गाळा नणंदेला दिला तर बाईंना त्यांची सकाळ परत मिळणार होती. व्यवहार सरळ होता. नणंद रस्त्यालगतच्या गाळ्यात आपलं शिलाई मशीन मांडणार, आजारी भाऊ दिवसभर तिच्या नजरेसमोर खुर्चीत बसणार, आणि बाई नववीला गणित शिकवायला मोकळ्या. जायचं काय होतं? पेंटरचं दुकान. भिंतींवर पुरुषभर उंचीची अक्षरं काढणारा नवरा पुन्हा कामावर उभा राहील, एवढी एक आशा. ती पारड्यात टाकली की काटा कुठेच स्थिर होईना.

"वहिनी, रविवारपर्यंत सांगा हं," नणंद म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतली खोली अडवून ठेवलीय मी. तिचा मालक रोज विचारतो. किती दिवस थापा मारू?"

"रविवारी पाचवा ठिपका पडेल, वन्सं. मग सांगते."

"तुमचे ठिपके आणि तुम्ही. माझ्या मशीनला रांगोळीवर बसवा आता."

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पेंटरचा उजवा हात लुळा होता. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली होती, दर रविवारी हात जितका वर जाईल तितका न्यायचा आणि उंची लिहून ठेवायची. पेंटरला आकडे लिहिण्याचा कंटाळा. त्याने ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि हात पोचला तिथे भिंतीवर ठिपका दिला. पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी दुसरा. बाईंनी पाहिलं, तर घरात न सांगता आलेख तयार होत होता.

पहिला ठिपका कमरेशी. दुसरा त्याच्यापेक्षा वीतभर, म्हणजे बारा बोटं वर. तिसरा जेमतेम चार बोटं चढला आणि पेंटर दिवसभर कुणाशी बोलला नाही. चौथा मात्र सहा बोटं चढला, आणि बाईंनी पेन्सिल हातात घेतली.

इथेच त्या फसल्या. कुठल्याही चार ठिपक्यांतून जाणारी घन बहुपदी सापडतेच. ती चौघांचं मन राखते, पाचव्याची हमी देत नाही, हे त्यांनी वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की मुलं त्यांच्या आवाजाची नक्कल करत. दुसरी कुणी असती तर नुसती आशा धरून बसली असती. बाईंनी आशेचं समीकरण मांडलं. रेषा तिसऱ्या ठिपक्याशी जरा रेंगाळली, मग अशी उसळली की पाचवा ठिपका दीड वीत वर, आणि सहावा दाराच्या चौकटीच्याही पलीकडे.

व्यायामवाली मुलगी रेषेकडे बघत राहिली. "बाई, असे हात आधी भराभर उठतात, मग मंदावतात."

"चौथा जास्त उठलाच की."

"एखादा रविवार चांगला जातो, बाई."

बाईंनी विषय बदलला.

रविवारी त्या दूध उतरवून बाहेर आल्या, तर ठिपका पडलेलाही होता. ओला, निळा, नेमका रेषेवर. पेंटर खुर्चीत बसून धापा टाकत होता. नणंद खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथेच थांबलं. खरा ठिपका रेषेवर असा कधी बसत नाही. थोडा वर जातो, थोडा खाली राहतो. पुस्तकामागचं उत्तर बघून पायऱ्या लिहिणाऱ्या मुलाचं गणित असं बसतं.

"स्टुलावर चढलात?"

पेंटर जड जिभेने म्हणाला, "तुझी रेषा... खोटी पडली असती."

"आणि तुम्ही पडला असतात तर?"

"हिने धरलं होतं."

"वन्सं, तुम्हीसुद्धा? अहो, गाळा तुमचा जात होता."

"जात होता तर जात होता," नणंद खिडकीशीच बोलली. "दादा म्हणाला, हिचं गणित चुकलं की हिला जेवण जात नाही. मग धरलं स्टूल."

बाईंनी पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याला जमिनीवर उभं केलं. हात थरथरत वर गेला. नवा ठिपका चौथ्याच्या एकच बोट वर पडला.

त्यांनी पुन्हा पेन्सिल घेतली. या वेळी घातांकी रेषा काढली, जिची चढण दर आठवड्याला निम्मी होत जाते. आधी वीत, मग अर्धी, मग त्याच्या अर्धी. एखादा ठिपका बोटभर वर, एखादा दोन बोटं खाली, पण पाचही तिच्याच आसपास.

"कुठवर जाते ही?" पेंटरने विचारलं.

"पहिल्या ठिपक्यापासून दोन विती. तीही पुरती गाठत नाही. जवळजवळ जात राहते."

त्याने डाव्या हाताने भिंतीवर दोन विती घातल्या आणि त्या आपल्या अंगाशी ताडून पाहिल्या. खांदा आला.

"माझं अक्षर खांद्याच्या वरच सुरू होतं, बाई."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"देऊन टाक गाळा," तो म्हणाला. "आणि गणित चुकलं तरी जेवून घे."

सोमवारी गाळा रिकामा करायचा होता. सामान न्यायला दुसऱ्या वस्तीतला पेंटर येणार होता. त्याआधी याने सगळे ब्रश मागवून घेतले आणि खुर्चीत बसून, मांडीवर फडकं घेऊन, उजव्या हाताने एकेक रॉकेलात घोळवला. फडक्यावर रंग उमटेनासा झाला तरी तो घोळवतच होता. नणंदेने मशीन दाराशी थांबवून ठेवलं होतं.

नणंदेला गाळा मिळाला, बाईंना सकाळ मिळाली. द्यायचं ते एकट्या पेंटरने दिलं, आणि ब्रश धुऊन दिले.