पान्ह्याचं इंजेक्शन

शहराला डोळे उघडले की चहा लागतो, म्हणून साळूबाईच्या गोठ्यात तांबडं फुटायच्या आत सुई निघायची. पान्ह्याच्या औषधाची एकच सुई, जाड आणि बोथट, सगळ्या म्हशींना तीच. साळूबाईचा एकुलता एक मुलगा वाळू ती मुठीत धरायचा आणि सुरा खुपसावा तशी म्हशीच्या पुठ्ठ्यात खुपसायचा. म्हैस दाव्याला हिसके द्यायची, अंगभर थरथरायची, पोटात कळ येऊन पाठ वाकवायची, आणि कासेतून दूध सुटायचं. झालं काम. पेंड दाखवायला नको, चुचकारायला नको, रेडकू लावायला नको. मखमलाबाद नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत गिऱ्हाइकं म्हणायची, साळूबाईचं दूध म्हणजे काय दाट, काय ती साय. त्यांना डोंबल कळतंय. सायीचं कौतुक करणारा माणूस म्हशीच्या पुठ्ठ्यावरची गळवं बघायला कशाला येतोय?

दीपमाला या घरात सून होऊन आली ती सायखेड्याहून, नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. तिच्या माहेरी म्हशी दोनच, पण धार निघायची ती निवांत. आधी रेडकू सोडायचं. त्यानं कासेला ढुशा द्यायच्या, म्हशीनं त्याला चाटायचं, आणि मग पान्हा फुटायचा. घाबरलेली म्हैस दूध चढवते, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथली तऱ्हा तिला बघवेना. आठवड्यानं ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी रेडकू लावून बघू का? माझ्या हाताला देतील त्या दूध."

"रेडकू अर्धं दूध पिऊन जातंय," साळूबाई म्हणाली. "मग गिऱ्हाइकाला काय पाजू, पाणी?"

साळूबाई वाईट बाई नव्हती. हे सांगताना माझी जीभ जड होते, पण नव्हती. नवरा गेला तेव्हा तिच्याकडं एक भाकड म्हैस आणि कडेवर वाळू, एवढंच होतं. बाकी सगळा गोठा तिनं शेणात हात घालून उभा केला होता. कुणीतरी तिला ही सुई शिकवली, दूध वाढलं, आणि तिला सुई देवासारखी झाली. म्हशी लवकर आटायच्या, गाभण राहायच्या नाहीत, मग बाजारात जायच्या आणि नव्या यायच्या. त्यात चुकतंय काय, हे तिला खरंच कळत नव्हतं.

दीपमालाला सातवा महिना लागला तेव्हा भुरी नावाची म्हैस व्याली. तिला नर झाला. मादी असेल तर जगवायची, नर असेल तर उपाशी मारायचा, हा गोठ्याचा कायदा. दीपमालानं ते रेडकू पेंडीच्या पोत्यांमागं लपवलं. दुपारी सगळे आडवे झाले की ती त्याला भुरीच्या कासेला लावायची. भुरी त्याला चाटायची आणि सुईशिवाय पान्हवायची.

वाळूनं ते पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेडकाचा मागचा पाय धरून त्यानं ते कासेवरून ओढून काढलं. दीपमाला मध्ये पडली, तर तिच्या कमरेत लाथ घातली. पोटातल्या जिवाचाही विचार केला नाही मेल्यानं. मग शेणाचं खोरं उचललं आणि त्याच्या दांड्यानं रेडकाच्या डोक्यात घाव घातले, कवटी दबेपर्यंत. ते पाय झाडत असतानाच फरफटत नेऊन मागच्या नाल्यात टाकलं. गोठ्याचं सगळं शेण-मूत आणि मेलेली रेडकं त्याच नाल्यात जायची, आणि नाला सरळ गोदावरीला मिळायचा. खाली लोक बुड्या मारून पुण्य कमवत होते. भुरी दिवसभर रेकत होती, आणि संध्याकाळी तिनं दूध दिलं नाही.

"चोरती ती," साळूबाई म्हणाली. वाळूनं भुरीला जास्तीचं औषध टोचलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण साळूबाईनं सुनेला पाठवलं नाही. धारा कोण काढणार? सरकारी दवाखान्यात दीपमाला बाळंत झाली, मुलगी झाली. मुलगी म्हणून सासूनं तोंड वाकडं केलं नाही, उलट आळीत पेढे वाटले. नर्सनं घरी सोडताना बजावलं होतं, "बाळाला कुशीत घेऊन निजा, सारखं अंगावर लावत राहा. वरचं दूध देऊ नका."

घरी आल्यावर दीपमालाची छाती भरून आली. दगडासारखी टणक झाली, पदर लागला तरी जीव जायचा, पण थेंब बाहेर येईना. येणार कसा? ती पोरीला लावायला बसली की सासू समोर उभी, वाळू दारात उभा. "आलं का? नाही आलं? ओढती का नीट?" असा तगादा. वाळूचा आवाज चढला की तिचे खांदे आपोआप कानापर्यंत जायचे. पोरगी ओढून ओढून लालबुंद व्हायची आणि टाहो फोडायची.

"ओढून पोर दमती नुसती," म्हणत साळूबाईनं नात उचलली आणि पलीकडच्या खोलीत नेली. तिथं ती तिला भुरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजू लागली. पोरीला हगवण लागली. डोळे आत गेले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. भिंतीपलीकडं ते रडणं ऐकून दीपमालाचं काळीज तुटायचं.

ती हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, पोरगी माझ्याजवळ द्या. दार लावून घ्या आणि आजचा दिवस मला कुणी काय बोलू नका. दूध आहे, ते येईल. पोरगी मरंल हो अशानं."

साळूबाईनं वाकून तिची छाती चाचपली, म्हशीची कास चाचपावी तशी. मग मुलाकडं वळून म्हणाली, "दूध हाय रे. चोरती ती."

दीपमालाला ते शब्द ऐकूनच कळलं. ती खाटेवरून उठून दाराकडं धावली, तोवर वाळू सुई घेऊन आत आला होता. तीच सुई. पहाटेचं रक्त तिच्यावर वाळून काळं झालं होतं. दीपमालानं त्याच्या हाताचा लचका तोडला. त्यानं तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती खाली कोसळली. मग खुंटीवरचं दावं काढून तो तिच्या गुडघ्यांवर बसला आणि तिचे हात खाटेच्या पायाला बांधले. ओली बाळंतीण ती, कालपरवापर्यंत रक्त जात होतं अंगावरून, आणि हा ऐंशी किलोचा रेडा तिच्यावर बसलेला.

"आत्याबाई, जनावराचं औषध ते," ती ओरडत राहिली. "जनावराचं आहे ते."

साळूबाईनं तिचे खांदे दाबून धरले. तिचे स्वतःचे डोळे भरले होते. "दवाखान्यात बाळंत होताना तुला सुई दिलीच की नर्सनं, मी बघितली ना. आमच्या इतक्या म्हशींना चालतंय, तुला काय व्हतंय? पोरीसाठी सोस, दीपे."

सुई मांडीत गेली ती हाडाला टेकेपर्यंत. ओटीपोट कुणी पिळून काढावं तशी कळ आली, खालून रक्ताचा लोंढा आला, दात दातांवर आपटले. आणि छातीतून दूध सुटलं. चिरकांड्या उडाल्या, झंपर भिजला, जमिनीवर थारोळं झालं. साळूबाईनं धावत जाऊन पोरीला आणलं आणि बांधलेल्या सुनेच्या छातीला लावलं. पोरगी गटागटा प्यायली. साळूबाईनं नातीच्या अंगावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "बघ, आलं का नाय?"

आलं, हे खरं होतं. वाईट ते हेच.

त्यानंतर दर वेळी सुई. सकाळी म्हशींना टोचून झालं की वाळू घरात यायचा. पहिल्या दिवशी हात बांधले, पुढं नुसते धरले. पोरीची टाळू भरून आली, गालांवर रंग आला. दीपमालाची मांडी मात्र सुजून टम्म झाली, टोचलेल्या जागी गळू धरलं, त्याला घाण वास यायला लागला. अंगात ताप मुरला. एकदा घरात कुणी नसताना तिनं दार लावलं, पोरीला कुशीत घेतलं, डोळे मिटले आणि वाट पाहिली. कितीतरी वेळ पाहिली, पण थेंब आला नाही.

तेव्हा ती घाबरली. मारापेक्षा, तापापेक्षा, ती त्या न आलेल्या थेंबाला घाबरली. भुरीलाही आता रेडकू लावून पान्हा फुटला नसता, हे तिला कळून चुकलं. अजून थोडे दिवस इथं राहिलो तर आपलं अंग आपलं राहणार नाही, या एका विचारानं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वाळू सुई भरून आत आला, तर ती दारामागं शेणाचं खोरं घेऊन उभी होती. पहिला घाव तिनं त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला, सुई उडून कोपऱ्यात पडली. तो खाली वाकला तसा दुसरा घाव पाठीत, तिसरा कानावर. कान फाटून रक्त मानेवर आलं. तो हात पोटाशी धरून गुरासारखा ओरडत होता, आणि तिला थांबावंसं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तिला थांबवावंसं वाटत नाही. साळूबाई धावत आली आणि तिनं खोऱ्याचा दांडा धरला. दीपमालानं तिला दांड्यानंच मागं ढकललं. म्हातारीचं कपाळ चौकटीवर आपटून फुटलं आणि ती तिथंच बसली. दीपमालानं फळीवरच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या खोऱ्यानं खाली ओढल्या, पायानं चिरडल्या, पोरगी उचलली आणि लंगडत बाहेर पडली.

निमाणी स्टँडवर सायखेड्याची गाडी लागायची होती. ती बाकावर बसली. शेजारी फुलांच्या रिकाम्या पाट्या घेऊन भिमाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिनं साडीवरचं रक्त पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त सरकून जागा केली. पोरगी उठली आणि रडायला लागली. भिमाबाईनं आपला पदर आडोशाला धरला. "पाज निवांत," म्हणाली. "कोण बघत नाय."

इथं कुणी ओरडत नव्हतं, कुणी दारात उभं नव्हतं. दीपमालानं पोरीला लावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, माहेरची दावण डोळ्यांपुढं आणली. छाती ठणकत होती, पोरगी ओढत होती, आणि काहीच येत नव्हतं. ती तशीच लावून बसली, तोवर गाडी आली, भरली, निघून गेली. पोरीचं रडणं बारीक झालं, ओठ सुकले.

"टपरीवरचं दूध आणू का वाईच?" भिमाबाईनं विचारलं.

"नको. वरच्या दुधानंच मरायला टेकली होती ही."

"मग गं?"

दीपमालानं सुजलेली मांडी चाचपली. तिच्या अंगाला काय हवंय, हे तिला स्वच्छ कळत होतं. मांडी त्या कळीची वाट बघत होती. तिला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. पोरीनं पुन्हा तोंड उघडलं, तर आवाजच निघाला नाही. मग तिनं पोरगी भिमाबाईच्या मांडीवर ठेवली आणि स्टँडबाहेरच्या पानाच्या टपरीकडं गेली. त्या काळी त्या बाटल्या कुठंही मिळायच्या, तंबाखूच्या पुड्यांमागं खोक्यात ठेवलेल्या, वर ना नाव ना गाव.

"पान्ह्याचं इंजेक्शन द्या," ती म्हणाली. "सुई पण द्या."

टपरीवाल्यानं पानाला चुना लावता लावता विचारलं, "म्हशी किती?"

"एकच."

त्यानं बाटली आणि सुई पेपरात गुंडाळली. नवीन गिऱ्हाईक दिसलं म्हणून आपलेपणानं सांगितलं, "टोचायच्या आधी पाय बांधून घ्या ताई. लाथा मारत्यात."

"आता नाही मारत ती," दीपमाला म्हणाली, आणि पुडी घेऊन बाकाकडं वळली.