पडद्याबाहेरची खिडकी

त्या घरात सगळं ठोकून दुरुस्त व्हायचं. पंखा अडकला, ठोक. मिक्सर रुसला, ठोक. दादाचा पंजा हे सगळ्या रोगांवरचं एकच औषध होतं, आणि ते मशीनला, धाकट्या भावाला आणि बायकोला सढळ हाताने मिळायचं. बायकोला जरा जास्तच, कारण ती घरातही सापडायची आणि कारखान्यातही. मागच्या महिन्यात तिच्या उजव्या मनगटाची अशीच दुरुस्ती झाली होती. अजून ती पाण्याची बादली डाव्या हाताने उचलत होती.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तिच्यात एकच मोठं मशीन, लोखंडी पत्रा तीन रुळांमधून ओढून गोल वाकवणारं. ते कॉम्प्युटरवर चालायचं आणि कॉम्प्युटर वहिनी चालवायची. मशीनला थांबवायचं लाल बटणही होतं एकेकाळी. दादाने रागारागाने बुक्क्या मारून ते आत बसवलं आणि मग वायरी थेट जोडून टाकल्या. "बटणाशिवाय चालतंय की," तो म्हणाला होता. चालत होतं खरंच.

मग कॉम्प्युटरने मान टाकली. धाकटा म्हणाला, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो, फुकट असतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं.

"चालेल ना नक्की?" दादाने विचारलं.

"चालेल," वहिनी बोलून गेली. धाकट्याने तोंड उघडायच्या आत. तिथेच ती फसली.

दादाने तिच्याकडे बोट रोखलं. "नाही चाललं, तर तू आहेस आणि मी आहे."

म्हणजे आता प्रश्न कॉम्प्युटरचा राहिला नव्हता, वहिनीच्या हाडांचा झाला होता. धाकटा सकाळपासून घाम पुसत बसला तो त्यामुळे. पहिल्यांदा पडदा नुसता काळा. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या आज्ञेत एक शब्द वाढवला तेव्हा चित्र आलं, पण ते एवढं मोठं की खालचा भाग काचेच्या बाहेर. मोजमाप बदललं, तेही बसलं. शेवटी एक चमत्कारिक खोड उरली. कॉम्प्युटरला वाटत होतं की आपल्याला दोन पडदे आहेत. डावीकडे, जिथे नुसती भिंत होती, तिथे त्याला दुसरा पडदा दिसत होता, आणि अधूनमधून तो आपल्या खिडक्या तिकडे नेऊन उघडायचा. धाकट्याने त्या पडद्याचं नाव ठेवलं भूत. सेटिंगमध्ये जाऊन त्याने भूत बंद केलं. पण मॉनिटरची केबल जरा जरी हलली तरी ते पुन्हा जागं व्हायचं.

"घाबरायचं नाही, वहिनी," तो म्हणाला. "मशीन थांबवायचं तर एस्केप दाबा. मग ते विचारतं, खरंच थांबवू का? ती खिडकी भुतावर उघडली तर तुम्हाला दिसणार नाही. पण ती असते. सरळ एंटर दाबायचं. करून बघा."

त्याने मुद्दाम केबल हलवून भूत जागं केलं आणि तिने करून बघितलं. पडद्यावर काहीच आलं नाही. तिने एंटर दाबलं आणि रिकामे फिरणारे रूळ जागच्या जागी थांबले. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल.

"न दिसणाऱ्या गोष्टी या घरात पुष्कळ आहेत, भाऊजी," ती म्हणाली. "त्यात ही एक."

तेवढ्यात दादा आला. जाड हातमोजे चढवले, पत्रा उचलला, रुळांच्या तोंडाशी लावला आणि म्हणाला, "कर सुरू."

रूळ फिरले. पत्रा आत शिरला आणि अख्खं टेबल थरथरू लागलं. पडदा एकदा लुकलुकला.

"हेच का तुमचं नवीन?" दादा दोन ढांगांत टेबलाशी आला आणि त्याने मॉनिटरच्या डोक्यावर सणसणीत ठेवून दिली. चित्र गेलं, परत आलं. पण आता पडद्यावर नुसता निळा रंग होता. सगळ्या खिडक्या भुताकडे पळाल्या होत्या.

"दादा, मारू नको! केबल हलते, त्यानेच..."

पुढचं वाक्य दातांसकट आत गेलं. दादाची मूठ तोंडावर बसली, दुसरी कानावर, आणि खाली पडल्यावर पोटात लाथ. धाकट्याचा श्वास अडकला. तोंडात रक्त भरलं, जिभेवर दाताचा तुकडा आला. त्याला त्या क्षणी भावाचा जीव घ्यावासा वाटला.

"मला शिकवतो? आणि तू," दादा वहिनीकडे वळला, "हे आवरलं की तुला बघतो."

पण पत्रा तिरका शिरत होता. माल वाया जाणार म्हणून दादा शिव्या घालत मशीनकडे धावला आणि फिरत्या रुळांत हातानेच त्याला सरळ करू लागला. हातमोज्याचं टोक पत्र्याखाली सापडलं.

आधी तो नुसता "ए" म्हणाला. मग बोटं आत गेली आणि त्याची किंकाळी शेडच्या पत्र्यांवर आदळली.

"बंद कर! बंद कर!"

मुख्य स्विच मशीनच्या पलीकडे, फाटकाशी. धाकट्याने उठायचा प्रयत्न केला आणि तो पुन्हा कोसळला. वहिनी कीबोर्डसमोर उभी होती. तिने एस्केप दाबलं. पडदा निळाच राहिला.

"एंटर, वहिनी! एंटर!" तोंडातल्या रक्तातून शब्द नीट निघेनात, पण तिला ऐकू गेलं. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं म्हणजे ऐकू गेलंच होतं.

"पडद्यावर काहीच नाही, भाऊजी," ती म्हणाली. अगदी हळू.

तिचं बोट एंटरवर टेकलेलं होतं. ती रुळांकडे बघत होती. पंजा गेला. हाडं मोडल्याचा आवाज मोटरच्या आवाजातूनही आला. मनगट आत गेलं. दादा आता तिचं नाव घेऊन रडत होता, आई म्हणत होता, काहीही म्हणत होता. धाकटा ओरडायचा थांबला होता. का थांबला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

मग वहिनीने एंटर दाबलं. रूळ थांबले.

डॉक्टरांनी उजवा हात कोपराखाली काढला. दादा शुद्धीवर आला तेव्हा खाटेशी धाकटा बसला होता, फुगलेल्या तोंडाने. वहिनी दाराजवळ उभी होती, डाव्या हातात पाण्याची बाटली धरून. दादाची नजर तिच्यावर गेली.

"तू तिला सगळं शिकवलं होतंस ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग एवढा वेळ का लागला?"

धाकट्याने वहिनीकडे बघितलं. तिने नजर खाली घातली नाही. बाटलीचं झाकण तेवढं ती घट्ट पिळत होती, दुखऱ्या हाताने.

"तूच मॉनिटरला मारलंस, दादा," तो म्हणाला. "पडद्यावर काहीच दिसत नव्हतं तिला."